तेस्फाय, टेस्फाई आणि माझं अतिशहाणं स्क्रिप्ट

ह्या वीकांताला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेले तीन आठवडे डोक्यात एक भुंगा शिरलाय, आणि तो बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. तेव्हा मंडळी, चहाचा कप घ्या आणि बसा निवांत. आज जायचंय थेट तांबड्या समुद्राच्या काठी.

तर झालं असं, की हापिसात युरोपातल्या एका क्लायंटचं काम आलं. (नाव विचारू नका, नोकरी अजून हवी आहे.) आरोग्यसेवेच्या दोन जुन्या सिस्टिम्स. दोन्हीकडे माणसांच्या नोंदी. त्या एकत्र करायच्या आणि दुबार नोंदी शोधायच्या. वरवर पाहता कंटाळवाणं काम. नोंदींमधली बरीचशी माणसं एरिट्रियातून आणि इथिओपियाच्या तिग्राय प्रांतातून निर्वासित म्हणून आलेली. त्यांची भाषा तिग्रिन्या. हे नाव त्या दिवसापर्यंत मी ऐकलंही नव्हतं.

नोंदी सगळ्या लॅटिन अक्षरांत, आणि एकेका नावाची चार-चार स्पेलिंगं. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. स्क्रिप्ट लिहिलं. पहिली पायरी, मिळतीजुळती स्पेलिंगं एका साच्यात बसवायची. शेवटी 'वाय' असो की 'आय', एकच. 'जीएच' असो की नुसता 'जी', एकच. दुसरी पायरी, नाव आधी की आडनाव आधी हा घोळ नको म्हणून नावातले शब्द वर्णानुक्रमे लावून घ्यायचे. तिसरी, जन्मतारीख जुळते का बघायचं. तिन्ही जुळलं की माणूस एकच. स्वतःची पाठ थोपटली आणि शुक्रवारी घरी गेलो.

सोमवारी क्लायंटकडच्या टेस्टर बाईंची मेल. त्या मूळच्या एरिट्रियाच्या. माझ्या स्क्रिप्टने एक केलेल्या दोन नोंदी त्यांनी समोर ठेवल्या होत्या. समजा, एक 'तेस्फाय हाइले' आणि दुसरी 'हाइले टेस्फाई' (खरी नावं वेगळी). खाली एकच ओळ, "ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला तेस्फाय आहे, दुसरा हाइले."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तिकडे आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तेस्फाय हाइले म्हणजे हाइलेचा मुलगा तेस्फाय. उलटं केलंत तर माणूसच बदलला. आणि जन्मतारीख? दोघांचीही १ जानेवारी, वर्षही एकच. नेमकी तारीख कागदावर नसली की अनेक ठिकाणी १ जानेवारी टाकून देतात. म्हणजे माझ्या तीन पायऱ्यांपैकी एकही पायरी पुरावा नव्हती. टेस्टचा विदा होता म्हणून वाचलो. खऱ्या सिस्टिममध्ये एकाची औषधांची नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली असती.

चूक माझी होती, त्यात वाद नाही. पण ती नुसती घाईची चूक नव्हती. मी धरून चाललो होतो की लॅटिन स्पेलिंग म्हणजेच नाव. तिथून खणायला सुरुवात केली ती आजतागायत चालू आहे.

आधी लिपीबद्दल. तिग्रिन्या गीझ लिपीत लिहितात, तिच्या अक्षरमालेला 'फिदेल' म्हणतात. शेजारची अम्हारिकही ह्याच लिपीत. डावीकडून उजवीकडे, आणि रचना ऐकाल तर घरच्यासारखं वाटेल. एकेका व्यंजनाची सात रूपं. लॅ, लु, ली, ला, ले, ल्, लो. आपली बाराखडी तशी त्यांची साताखडी म्हणा. (पहिला स्वर आपल्या अ आणि ॲच्या मधे कुठेतरी बसतो.) स्वरांची ही युक्ती लिपीत आली साधारण चौथ्या शतकात, अक्सुमच्या एझाना राजाच्या काळात. ती भारतातून गेली असावी असा काही अभ्यासकांचा कयास आहे. तो खरा असो-नसो, ये-जा नक्की होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक व्यापारी वर्णनात आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावरचं अदुलिस बंदर आहे, आणि आपलं सोपारा-कल्याणही आहे.

युनिकोडमध्ये ही लिपी आली १९९९ साली, ३.० ह्या आवृत्तीत. आपल्यासारखी व्यंजन वेगळं आणि मात्रा वेगळी अशी मांडणी नाही, प्रत्येक रूपाला स्वतंत्र क्रमांक. आणि मांडणी कशी सुरेख! तक्ता १२०० (हेक्स हं) पासून सुरू होतो आणि आठ-आठच्या रांगांत चालतो. क्रमांकाला आठाने भागा. भागाकार सांगतो व्यंजन कोणतं, बाकी सांगते स्वर कोणता. काही रांगा अपवाद आहेत, पण वीसेक ओळींत लिप्यंतराचा प्रोग्रॅम तयार. शनिवारी सकाळी मी तो लिहूनही टाकला, आणि दुपारपर्यंत तो कसा गंडलाय ते कळलं.

गोम आहे सहाव्या रूपात. ते 'ल्' असंही वाचतात आणि मधे पुसटसा स्वर घालूनही वाचतात. कधी काय, हे अक्षर सांगत नाही. शिवाय व्यंजनाचं द्वित्त ह्या लिपीत दाखवतच नाहीत, आणि बोलताना तर ते महत्त्वाचं. एक उदाहरण देतो. 'त्याला माहीत आहे' ह्यासाठी शब्द साधारण 'यिफॅल्लिट' असा उच्चारतात, आणि 'त्यांना माहीत आहे' ह्यासाठी 'यिफॅल्टू'. कागदावर दोन्हीत मधलं अक्षर तेच, 'ल'चं सहावं रूप. एकदा ते 'ल्लि' होतं, एकदा नुसतं 'ल्'. वाचणाऱ्याला भाषा येते म्हणून अडत नाही. माझ्या वीस ओळींना भाषा येत नाही, म्हणून अडतं.

आपल्याकडे तरी दुसरं काय आहे? 'जग' हा शब्द बघा. दुनिया ह्या अर्थी एक ज, आणि 'शंभर वर्षं जग' म्हणताना दुसरा ज. देवनागरीत दोन्ही सारखेच. 'करवत' मध्ये कोणता अ म्हणायचा आणि कोणता गिळायचा हे कोणी लिहून देत नाही. लिपी म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. जाणत्याने जाणत्यासाठी लिहिलेली ती चिठ्ठी असते. लिप्यंतर करताना आपण ती चिठ्ठी अजाण माणसाच्या हाती देत असतो, आणि मग मधल्या रिकाम्या जागा कोणीतरी आपल्या अंदाजाने भरतो.

बरं, लॅटिनमध्ये नेताना नुसत्या जागा भराव्या लागतात असं नाही, असलेलं सांडतंही. तिग्रिन्यात दोन ट आहेत, एक साधा आणि एक घशाला झटका देऊन उच्चारलेला. क च्या बाबतीतही तेच. ह दोन, त्यातला एक अरबीसारखा खोल घशातून येणारा. रोजच्या लॅटिन स्पेलिंगमध्ये ह्या जोड्यांची बहुतेक वेळा एकच अक्षरं होतात. ह्याचं दुःख मराठी माणसाला समजावून सांगायला नको. हिंदी वर्तमानपत्रात 'तेंदुलकर' वाचून आपल्या कपाळावर आठी येते ना? ड आणि द दोन्ही लॅटिन 'डी'मध्ये बुडतात, आणि परत वर काढताना हाताला भलतंच लागतं. इतका मोठा माणूस, तरी त्याचा ड वाचला नाही. मग निर्वासितांच्या छावणीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या ट ला कोण विचारतो?

त्यात आणखी एक गंमत. लॅटिन लिपी एक दिसत असली तरी ती कोणाच्या ना कोणाच्या भाषेतून येते. एरिट्रियावर १८९० ते १९४१ इटलीचं राज्य होतं. इटालियनमध्ये 'जी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला की ग चा ज होतो, तो टाळायला मधे 'एच' घालतात. म्हणून एरिट्रियात ह्या 'एच'ची स्पेलिंगं पुष्कळ, आणि सीमेपलीकडे इथिओपियात तीच नावं बहुधा 'एच'शिवाय. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस अधानोम ह्यांच्या नावाचा शेवटचा भाग दोन्ही तऱ्हांनी छापलेला सापडतो. २०२४ साली टूर द फ्रान्समध्ये हिरवी जर्सी जिंकणारा एरिट्रियन सायकलपटू बिनियाम गिरमाय, त्याचंही तेच. आणि 'द वीकेंड' ह्या गायकाचं मूळ आडनाव टेस्फाये, ते आपल्या तेस्फायचंच अम्हारिक रूप. अर्थ 'माझी आशा'.

गावांची तीच तऱ्हा. केरेन नावाचं एरिट्रियात एक गाव आहे. १९४१ साली तिथे इटालियन फौजेशी तुंबळ लढाई झाली आणि तीत आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीही होती. 'केरेन' हा त्या रेजिमेंटचा युद्धसन्मान आहे. इटालियन नकाशात ह्या गावाचं स्पेलिंग 'सीएच'ने सुरू होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या डोळ्यांना ते 'चेरेन' दिसेल. तो नकाशा घेऊन कोणी कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या घरी आजोबांची लढाई शोधायला बसलं, तर सापडायची नाही.

मग प्रमाण पद्धतच का ठरवत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. ठरवल्या आहेत की! एक नाही, चांगल्या चार. अमेरिकेतल्या ग्रंथालयांची पद्धत पहिल्या स्वराला लॅटिन 'ए' देते. अमेरिकन आणि ब्रिटिश नकाशेवाल्यांची पद्धत त्याच स्वराला 'ई' देते. म्हणजे एकच माणूस पुस्तकाच्या कार्डावर 'गाब्रा' आणि नकाशाच्या रस्त्यावर 'गेब्रे'. युनिकोडने अक्षरांना दिलेली इंग्रजी नावं तिसऱ्याच वळणाची.

चौथी पद्धत आमच्या जातकुळीची, तिचं नाव सेरा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅनियल याकोब आणि यित्ना फिर्दयिवेक ह्यांनी ती रचली. ई-मेलमधून भरवशाने फक्त आस्की अक्षरं जायची तो काळ. सेरात साधा ट म्हणजे स्मॉल 'टी', झटक्याचा ट म्हणजे कॅपिटल 'टी'. साधा ह स्मॉल, घशातला ह कॅपिटल. ओळखीचं वाटतंय ना? अविनाश चोपडे ह्यांचं आयट्रान्स नेमकं असंच, त साठी स्मॉल आणि ट साठी कॅपिटल. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या दोन लिप्या एकाच चिंचोळ्या दारातून जाताना सारख्याच वाकल्या. अशा पद्धतींचा मोठा गुण म्हणजे परतीचं तिकीट असतं. लिपीतून लॅटिनमध्ये जा आणि जसंच्या तसं परत या.

मग हीच सगळ्यांना लागू करावी? तिथे आडवा येतो पासपोर्ट. पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या दोन ओळींत फक्त कॅपिटल अक्षरं चालतात. कॅपिटल-स्मॉलवर उभी असलेली सगळी इमारत तिथे धाडकन कोसळते. शिवाय कोणाला आपलं नाव मधेच कॅपिटल टाकून लिहायला आवडेल? 'मराठी' हा शब्द आयट्रान्समध्ये लिहून बघा आणि सांगा, व्हिजिटिंग कार्डावर छापाल का?

हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो तेव्हा आमचा एक मित्र म्हणाला, "अरे, एवढं सगळं कशाला? लॅटिनच घ्या म्हणावं ना सरळ. तूही घरी आईला मेसेज इंग्रजी अक्षरांतच टंकतोस." टोला बरोबर बसला. आणि मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. शेजारच्या सोमाली भाषेने १९७२ मध्ये लॅटिन लिपी घेतली. इथिओपियातल्या ओरोमोने १९९१ मध्ये घेतली, तिला 'कुबे' म्हणतात. खुद्द एरिट्रियात बिलेन, साहो, अफार ह्या भाषांची शाळेची पुस्तकं लॅटिनमध्ये आहेत. आपल्याकडे गोव्यात रोमी कोंकणी आहे, तिच्यात तियात्र आहे, वर्तमानपत्रं निघाली, पिढ्या वाढल्या. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर द्वित्त दाखवायला लॅटिन फिदेलपेक्षा सोयीची आहे, अक्षर दोनदा लिहिलं की झालं. भाषा शिकणाऱ्याला त्याचा फायदाच होईल.

पण ह्या उदाहरणांत आणि माझ्या विद्यात एक फरक आहे. तिथे बोलणाऱ्यांनी लॅटिन आपली म्हणून वापरली, तिच्या लेखनाचे नियम केले, पुस्तकं छापली, मुलं त्यात शिकली. ती त्यांची लिपी झाली. तिग्रिन्याची लॅटिन तशी नाही. ती विमानतळावरच्या कारकुनाने, छावणीतल्या स्वयंसेवकाने किंवा मोबाइलच्या कळफलकाने त्या-त्या वेळी जमेल तशी केलेली आहे. फिदेल चालती-बोलती लिपी आहे. ती टाकायला कोणी सांगितलेलं नाही. आम्ही फक्त आमच्या टेबलात तिला कॉलम ठेवलेला नाही.

तेव्हा माझं मत असं. लॅटिन ही खिडकी असावी, घर नसावं. मूळ लिपीतली नोंद हीच खरी नोंद, आणि लॅटिन रूप तिच्यावरून काढलेलं. मशीनला जुळवाजुळव करायची असेल तर परतीचं तिकीट असलेली पद्धत पोटात वापरावी, माणसाला ती दाखवूही नये. आणि माणसाने स्वतः जे लॅटिन स्पेलिंग लावलंय ते त्याचं. त्याच्या कागदपत्रांवर, मुलांच्या दाखल्यांवर ते गेलेलं असतं. 'प्रमाण पद्धतीप्रमाणे तुमचं नाव चुकलंय' असं सांगणारा प्रोग्रॅम मी तरी लिहिणार नाही. दीक्षितांना 'एक्स' लावायचा की 'केएसएच', हे दीक्षित ठरवतील.

आता मूळ लिपीतसुद्धा सगळं आलबेल नाही, हे मान्य. झटक्याच्या 'स'साठी एरिट्रियात एक अक्षर वापरतात, तिग्रायमध्ये बहुधा दुसरं. अस्मारा ह्या शहराचं पहिलं अक्षरसुद्धा दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. पण हे फरक भाषेच्या आतले आहेत, मोजके आहेत आणि नियमात बसतात. चार पंक्तींचा तक्ता केला की काम भागतं. इटालियन, इंग्रजी आणि अंदाज ह्यांच्या खिचडीला तक्ता पुरत नाही.

एवढ्याशा स्पेलिंगवरून इतका काथ्याकूट का? कारण आडनाव नसलेल्या घरात बाप-लेकाचं नातं कागदावर नावातूनच दिसतं. मुलाचं दुसरं नाव म्हणजे बापाचं पहिलं. तिग्रायमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात युद्ध पेटलं, ते २०२२ च्या नोव्हेंबरात प्रिटोरियाला झालेल्या कराराने थांबलं. त्या दोन वर्षांत कितीतरी घरं फुटून वेगवेगळ्या देशांत पोचली. बापाच्या कागदावर शेवटी 'वाय' आणि मुलाच्या कागदावर 'आय' असेल, तर फिदेलमध्ये एकच असलेला शब्द लॅटिनमध्ये दोन होतो. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला ती दोन वेगळी घराणी दिसतात. माझ्या स्क्रिप्टने दोन परके एक केले. दुसरं एखादं, जास्त कडक स्क्रिप्ट बाप-लेक वेगळे करेल. दोन्ही लिहिणारे आपल्यासारखेच असतील, शुक्रवारी घरी जायच्या घाईत.

आणि पुढचाही विचार आहेच. २०२२ च्या मे महिन्यात गूगलच्या भाषांतर सेवेत २४ नव्या भाषा आल्या, त्यांत तिग्रिन्या होती आणि कोंकणीही. ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर वाढतात. सगळे जण गप्पा लॅटिनमध्येच मारत राहिले, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, तर यंत्राला भाषा दिसणार कशी? लॅटिन कळा दाबायला माझी हरकत नाही, मी हा लेखही तसाच टंकतोय. पण कळ लॅटिन आणि पडद्यावर मात्र देवनागरी. एवढी एक पायरी पुरते.

सध्या काय झालंय? नव्या टेबलात एक जादा कॉलम मान्य झाला, 'मूळ लिपीतलं नाव'. सक्तीचा नाही, भरायचा असेल तर भरा. शब्द वर्णानुक्रमे लावणारी ती पायरी मी काढून टाकली, आणि शंका असेल तिथे नोंदी आपोआप एक न करता माणसाकडे पाठवतो. काम वाढलं. टीम लीड थोडा कुरकुरला. चालायचंच.

तो कॉलम बहुतेक ठिकाणी अजून रिकामा आहे. पहिली नोंद टेस्टर बाईंनी भरली, स्वतःच्या नावाची. माझ्या टर्मिनलवर आधी नुसते चौकोन उमटले. फॉन्ट टाकला, मग अक्षरं दिसली. मला ती वाचता येत नाहीत. पण ती बरोबर आहेत एवढं नक्की, कारण ती त्यांनी स्वतः लिहिली आहेत.

असो. फारच लांबलं. आज संध्याकाळी आईला मेसेज करेन तो देवनागरीत करावा म्हणतो. तिला आधी वाटेल, ह्याचा फोन कोणी चोरला की काय.